नवा गुडघा आणि त्यानंतरचे बारा आठवडे

(मदतनीस बंधू-भगिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज वैद्यकीय मदतीचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. आकड्यांचा कागद आपल्या हातात आहे, तो मी पुन्हा वाचून दाखवत नाही. त्याऐवजी मी दोन गुडघ्यांबद्दल बोलणार आहे. एक गुडघा माझ्या आईचा. दुसरा नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या मावशींचा. दोघींचं ऑपरेशन एकच, गुडघा बदलण्याचं. दोघींसाठी आपण प्रार्थना केली होती. दोन्ही ऑपरेशनं चांगली झाली. पण तीन महिन्यांनी आई काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायाने उपासनेला गेली आणि मावशी मात्र खाटेवर होत्या. असं का झालं, त्यात माझं काय चुकलं आणि आता आपण काय करू शकतो, एवढंच सांगते.

आधी आईचं सांगते. आई शाळेत शिक्षिका होती. फळ्यासमोर उभं राहण्यात तिची तीस-बत्तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर गुडघे इतके दुखू लागले की बाजारात जाणं बंद झालं, मग जिना बंद झाला, शेवटी रात्रीची झोपही गेली. आम्ही ऑपरेशन करून घेतलं. आम्हाला वाटलं होतं, आता दोन-तीन आठवडे तिला नुसती विश्रांती द्यायची. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या ताई आल्या आणि म्हणाल्या, "चला आजी, उठायचं." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कुणा परक्याच्या हवाली केलं होतं. तरी वॉकर धरून ती उठली. चार पावलं चालली. आणि रडली.

घरी आल्यावर त्या ताई सहा आठवडे एक दिवसाआड येत राहिल्या. ज्या दिवशी त्या नसत, त्या दिवशी माझी वहिनी घड्याळ लावून आईला व्यायाम करायला लावायची. आई चिडायची. एकदा तर म्हणाली, "मी चाळीस-चाळीस पोरांना शिस्त लावली, आता तू मला लावतेस?" वहिनी हसून म्हणायची, "हो आई, अजून पाच राहिले." त्या पाच-पाचांनी आईचा पाय उभा राहिला. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण पाय चालता केला त्या ताईंनी आणि माझ्या वहिनीने. हे मला तेव्हा कळलं नाही. मावशींच्या घरी गेल्यावर कळलं.

मावशींचं वय साठीच्या पुढे. त्यांनी आयुष्यभर डोक्यावर लाकडाची मोळी वाहिली, भाताच्या आवणीत दिवस दिवस वाकून काम केलं, उन्हाळ्यात पहाटे उठून मोहाची फुलं वेचली. एका गुडघ्याची अवस्था अशी होती की पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता. गावातल्या मंडळीच्या पाळकांनी आम्हाला कळवलं. आम्ही त्यांना शहरातल्या रुग्णालयात नेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अशा गरीब माणसाला नवा गुडघा मिळणं पूर्वी जवळजवळ अशक्य होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. जो नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा आधी दीड लाखाच्या पुढे जायचा, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली. त्यामुळे आपल्यासारख्या छोट्या कामालाही हे शक्य कोटीतलं वाटू लागलं. मावशींचा खर्च काही सवलतीतून आणि उरलेला आपण दिलेल्या दानातून भागला. आपण दिलंत म्हणून ते झालं, त्याबद्दल मी आजही आपले आभार मानते.

ऑपरेशन उत्तम झालं. पाचव्या दिवशी मावशींना सुट्टी मिळाली. रुग्णालयाच्या दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या मावशींचा फोटो मी काढला. तो आपल्या याच पत्रिकेत छापला गेला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला आणि मला फोन करून देवाची स्तुती केली. मग आम्ही मावशींना गाडीने घरी पोचवलं, औषधांची पिशवी दिली, व्यायामाची चित्रं असलेला छापील कागद दिला, प्रार्थना केली आणि निघून आलो. टाके काढायच्या वेळी पाळकांनी त्यांना तालुक्याला नेऊन आणलं. त्यानंतर मी दुसऱ्या कामात गुंतले.

अडीच महिन्यांनी मी त्या पाड्यावर गेले. मावशी ओट्यावर खाटेवर पडलेल्या होत्या. गुडघ्याखाली गोधडीची जाड वळकटी. जखम छान भरली होती, पण मांडी सुकलेली. एक पाय दुसऱ्या पायाच्या निम्मा वाटावा इतका बारीक. गुडघा पुरता सरळ होत नव्हता आणि वाकतही नव्हता. वॉकर कोपऱ्यात होता, त्यावर नातवाचे कपडे वाळत होते. मावशींनी मला पाहिलं तशा हसल्या. नातवाला हाक मारून कोरा चहा ठेवायला सांगितला. मग मला विचारलं, "ताई, मशीन तर बसवलं ना? मग चालत का नाही?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हळूहळू एकेक गोष्ट समजत गेली. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे गेले होते. घरात मावशी आणि दहा वर्षांचा नातू. व्यायामाचा कागद भिंतीतल्या खुंटीला टांगलेला होता, अगदी जपून ठेवलेला. पण त्यावर काय लिहिलं आहे ते मावशींना वाचता येत नव्हतं आणि चित्रावरून काही कळत नव्हतं. पाय हलवला की दुखायचं. शेजारच्या बायकांनी सांगितलं होतं, "हलवू नको, आतलं लोखंड निसटेल." गुडघ्याखाली वळकटी ठेवली की बरं वाटायचं, म्हणून ती रात्रंदिवस तशीच होती. कुणीच वाईट वागलं नव्हतं. प्रत्येकाने मायेनेच केलं होतं. फक्त खरं काय ते सांगणारं, रोज येऊन बसणारं कुणी नव्हतं. ते काम माझं होतं आणि ते माझ्याकडून राहिलं.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. मशीन बसवलं, मग पाय चालत का नाही?

गुडघा बदलतात म्हणजे डॉक्टर झिजलेल्या हाडाची टोकं तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. त्यामुळे हाडावर हाड घासण्याचं दुखणं जातं. पण पाय उचलतो कोण? पाय सरळ धरतो कोण? ते काम मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचं आहे. हा स्नायू आधीच कमजोर झालेला असतो, कारण दुखतं म्हणून माणूस वर्षानुवर्षं त्या पायावर भार टाकत नाही. त्यात ऑपरेशन होतं, सूज येते. सांधा सुजला की मेंदू त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. माणसाने कितीही मनावर घेतलं तरी मांडी आवळली जात नाही. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्याहूनही खाली गेलेली असू शकते. म्हणजे गुडघा नवा आणि पाय पूर्वीपेक्षा अशक्त, अशी ही वेळ असते. याच वेळी जखमेभोवतीचे पडदे आतून आवळत येतात. तेव्हा सांधा रोज वाकवला आणि रोज सरळ केला नाही, तर तो तसाच धरून बसतो. पहिले सहा ते बारा आठवडे यासाठी फार मोलाचे असतात. नंतर काहीच होत नाही असं नाही, पण कष्ट दुप्पट आणि फळ कमी.

मी हे एका मंडळीत सांगितलं तेव्हा एका भावाने प्रामाणिकपणे विचारलं, "ताई, आपण प्रार्थना केली, देवाने बरं केलं. आता रोज हा व्यायाम करत बसणं म्हणजे देवावर अविश्वास नाही का?" मी तिथे त्यांना याईराच्या मुलीची आठवण करून दिली. बारा वर्षांची ती मुलगी प्रभूने मरणातून उठवली. याहून मोठा चमत्कार कोणता? पण मार्काच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी काय आहे ते पाहा. मुलगी उठून चालू लागली, सगळे थक्क झाले, आणि प्रभूने घरच्यांना सांगितलं की हिला काहीतरी खायला द्या. ज्याने जीव दिला त्याला तिचं पोट भरणं अवघड नव्हतं. पण ते काम त्याने घरच्यांवर सोपवलं. चूल पेटवणं, भाकरी करणं, तिच्यापाशी बसणं, हे आईबापांच्या वाट्याला दिलं. मला वाटतं, गुडघ्याचंही तसंच आहे. ऑपरेशनच्या टेबलावर जे झालं त्याबद्दल आपण देवाची स्तुती केली. पण भाकरी करायची राहून गेली.

आता व्यायामाबद्दल थोडं नेमकं सांगते. आपल्यापैकी काहींची ऑपरेशनं झाली आहेत, काहींच्या घरी होणार आहेत. प्रत्येकाचा पाय वेगळा असतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारूनच करा. पण साधारण क्रम असा असतो.

पहिल्या दिवसापासून घोट्याचा व्यायाम. निजल्या निजल्या पाऊल आपल्याकडे ओढायचं आणि मग पुढे दाबायचं. याने पोटरीतलं रक्त खेळतं राहतं आणि गाठ होण्याचा धोका कमी होतो.

दुसरा मांडी आवळण्याचा. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणात दाबायची, मांडी घट्ट करायची, पाच मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची. दिसायला काहीच दिसत नाही, पण निजलेल्या स्नायूला जागं करणारा व्यायाम हाच.

तिसरा टाच सरकवण्याचा. टाच अंथरुणावरून हळूहळू आपल्याकडे ओढत गुडघा जमेल तितका वाकवायचा आणि परत सरळ करायचा. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा काटकोनाच्या जवळपास वाकू लागावा, असा साधारण प्रयत्न असतो.

चौथा सरळ पाय उचलण्याचा. दुसरा गुडघा वाकवून ठेवायचा, ऑपरेशनचा पाय ताठ करून फूटभर वर उचलायचा, क्षणभर धरायचा आणि हळू खाली आणायचा. ज्या दिवशी हा पाय आधाराशिवाय उचलला जातो, त्या दिवशी घरात पेढे वाटायला हरकत नाही.

पाचवा खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करण्याचा. पुढे जोर आला की खुर्चीवरून उठणं आणि बसणं, आधी हातांचा आधार घेऊन, नंतर हातांशिवाय. मग भिंत किंवा खुर्ची धरून टाचा उचलणं. मग एका विटेइतक्या उंचीवर पाऊल ठेवून चढणं आणि उतरणं. पायरीचा एक नियम पाठ करून ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोन-तीन फेऱ्या, एका फेरीला वीस ते तीस मिनिटं. शिवाय थोडं थोडं चालणं. व्यायामाआधी अर्धा तास दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवावा. थोडं दुखणार, ते चालतं. पण रात्रभर ठणका राहिला आणि सूज वाढली तर दुसऱ्या दिवशी जरा कमी करावं, बंद करू नये. आणि कृपा करून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. बरं वाटतं, पण गुडघा त्याच वाकड्या स्थितीत आखडतो. ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहायची नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच रुग्णालयात.

हे सगळं सांगायला सोपं आहे. पाड्यावर कसं करायचं? सारवलेल्या जमिनीवर टाच सरकत नाही. खाट मध्येच खोलगट असते, तिच्यावर गुडघा दाबला जात नाही. घरात खुर्ची नसते. बर्फ कुठून आणणार? मावशींच्या घरी हे प्रश्न आम्ही एकेक करून सोडवले, आणि खरं सांगायचं तर उपाय मावशींनीच सुचवले. खाटेवर लाकडी फळी टाकली. तिच्यावर खताची रिकामी गोणी अंथरली, तिच्यावर टाच सुरेख सरकते. बर्फ नाही, तर माठातल्या गार पाण्यात भिजवलेलं फडकं. बर्फाइतका उपयोग होत नाही, पण आराम पडतो. खुर्ची मंडळीच्या प्रार्थनाघरातून आणली. विटा तर दारातच होत्या.

मोजायचं कसं, हा प्रश्न राहिला. मावशींचा दहाच्या पुढे गोंधळ व्हायचा आणि कंटाळा आला की त्या सात-आठांवरच थांबायच्या. तेव्हा नातवाने दहा चिंचोके आणून फळीवर ठेवले. एकदा पाय उचलला की एक चिंचोका इकडून तिकडे. पुढच्या वेळी मी गेले तर मावशी प्रत्येक चिंचोक्याला एकेक नाव घेत होत्या. मुलाचं, सुनेचं, बारडोलीला गेलेल्या भाच्याचं, पाळकांचं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "पाय उचलायचाच आहे, तर त्याच्याबरोबर प्रार्थनाही होऊन जाते." त्या दिवशी माझंही नाव एका चिंचोक्यावर होतं.

आता निकाल. मी तो वाढवून सांगणार नाही. डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फार थोडं हाती लागलं असतं. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा एक उपाय असतो, पण मावशी पुन्हा रुग्णालयात राहायला तयार नव्हत्या आणि डॉक्टरांनीही आधी व्यायाम करून पाहू असं सांगितलं. चार महिने नेटाने केलं. गुडघा आता काटकोनाच्या अलीकडेच थांबतो. पुरता सरळही होत नाही. मावशी काठी घेऊन चालतात. रविवारी प्रार्थनाघरापर्यंत येतात, वाटेत एकदा दगडावर बसून. मोहाची फुलं वेचायला मात्र या वर्षी त्या जाऊ शकल्या नाहीत. त्या मला कधी बोलल्या नाहीत. उलट भेटल्या की आशीर्वाद देतात. पण जे माझ्या आईला मिळालं ते त्यांना मिळालं नाही, आणि याचं कारण पैसा एवढंच नव्हतं. माझ्या आईजवळ "अजून पाच" म्हणणारं कुणीतरी होतं.

म्हणून यंदा आम्ही पद्धत बदलली. शेजारच्या गावातल्या एका काकूंचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या आधीच त्या गावच्या मंडळीतली दहावी झालेली एक मुलगी आम्ही निवडली. तिला रुग्णालयात बरोबर नेलं. फिजिओथेरपीच्या ताईंनी काकूंना शिकवलं तेव्हा ती शेजारी उभी होती. तिने सगळं आपल्या बोलीत काकूंना समजावलं. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे काकू मांडी आवळण्याचे आणि पाय उचलण्याचे व्यायाम करत होत्या, म्हणजे नंतर काय करायचं ते पायाला आधीच ठाऊक होतं. घरी आल्यावर ती मुलगी रोज सकाळी अर्धा तास जायची. आठवड्यातून एकदा ती फोनवर फिजिओच्या ताईंना व्हिडिओ पाठवायची. बारा आठवड्यांनंतर काकू काठीशिवाय अंगणात फिरत होत्या आणि परसात मिरचीची रोपं लावत होत्या. गुडघा तोच, डॉक्टर तेच, गावही तसंच. रोज सकाळी येणारी ती मुलगी एवढीच काय ती वेगळी गोष्ट.

आता माझी आपणाकडे मागणी आहे, आणि ती मुख्यतः पैशाची नाही.

एक. आपल्या घरी ऑपरेशननंतर वापरलेला वॉकर, काठी, कमोडची खुर्ची माळ्यावर पडून असेल. ती पुसून आणि तिच्या पायांचे रबर तपासून आमच्याकडे द्या. गुडघा बदललेल्या माणसाने उकिडवं बसू नये, असं डॉक्टर बहुधा सांगतात. पाड्यावर उंच बसायची सोय नसते, म्हणून कमोडच्या खुर्चीची गरज सगळ्यात जास्त आहे. माणसं मला ते लाजून सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहे.

दोन. आपल्या मंडळीत कुणी फिजिओथेरपिस्ट असतील, किंवा त्याचं शिक्षण घेणारी मुलं असतील, तर महिन्यातला एक शनिवार द्या. गावातल्या मुलामुलींना शिकवायला एक दिवस पुरतो. नंतर आठवड्याला एक फोन.

तीन. दान देणाऱ्यांनी आम्हाला विचारा. "ऑपरेशन झालं का?" एवढंच विचारू नका. "तीन महिन्यांनी ती बाई कशी चालते?" असं विचारा. आपण विचाराल तर आम्ही जबाबदार राहू. यापुढे या पत्रिकेत रुग्णालयाच्या दारातला फोटो आम्ही छापणार नाही. बारा आठवड्यांनंतरचा छापू, आणि पाय चालत नसेल तर तेही लिहू. प्रत्येक रुग्णाच्या खर्चात आता बारा आठवड्यांच्या साथीचा, पुन्हा तपासणीच्या प्रवासाचा आणि एका खुर्चीचा खर्च आम्ही आधीपासून धरत आहोत. त्यामुळे कदाचित वर्षाला ऑपरेशनं एक-दोन कमी होतील. मला ते चालेल. आपणही ते स्वीकारावं अशी विनंती आहे.

चार. आपल्या आजूबाजूला पाहा. शहरातल्या मंडळीतही मुलं परदेशी असलेले, एकटे राहणारे आजी-आजोबा आहेत. त्यांचं ऑपरेशन झालं की आपण फळं घेऊन भेटायला जातो, प्रार्थना करतो आणि निघतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा विचारा, "आजचे व्यायाम झाले का? नसतील तर मी बसते, करू या." फळांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

शेवटी एकच सांगते. आमच्याकडे बहुतेक सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात. मावशींना आता गुडघे टेकता येत नाहीत. पहिल्यांदा प्रार्थनाघरात त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा फार अवघडल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "सगळे खाली आणि मी वर, देवाला चालेल का?" मी म्हटलं, मावशी, आठवडाभर चिंचोके मोजत तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ती देवाने ऐकलीच आहेत. तो गुडघ्याकडे बघत नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग खुर्चीवर बसूनच पाय सरळ केला, पाच मोजेपर्यंत धरला आणि खाली ठेवला. उपासना सुरू झाली होती, पण त्यांचा एक व्यायाम राहिला होता.

प्रभूने ज्यांना उठवलं आहे त्यांच्यापाशी बसण्याची कृपा तो आपणा सर्वांना देवो. आमेन.